नाचणी, डबा आणि डाळीचं पाणी : वरच्या खाण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आज गटाच्या बैठकीत या वहीचं पहिलं पान उघडलं. आजरा तालुक्यातली आमची वाडी, बचत गटातल्या ११ बायका आणि या सुगीची ६० किलो नाचणी कोठीत. ठरलं असं की नाचणी आणि मुगाचं पीठ करायचं, पाकिटं भरायची आणि ‘बाळाचं पहिलं खाणं’ म्हणून विकायची. मेडिकलमधला बाळाच्या तयार खाण्याचा डबा परवडत नाही म्हणून बायका हळहळतात, त्यांना घरचं स्वस्तात मिळेल आणि गटालाही चार पैसे सुटतील.

मी गृहविज्ञान शिकले आहे, म्हणून कृती, वजनमाप आणि वही माझ्याकडे आली. माझं स्वतःचंही कारण आहे. माझी चिऊ साडेचार महिन्यांची आहे. २५ फेब्रुवारीला सहा महिने पूर्ण होतील, तोवर फक्त अंगावरचं दूध. त्यानंतर तिच्या तोंडात पहिला घास कशाचा जाणार, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही. घरात आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणतात नाचणीचं सत्त्व. पुण्याची नणंद म्हणते डबा, कारण त्यात सगळं ‘मोजून’ असतं. दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे असं वाटतं, म्हणून नुसत्या मतावर न जाता करून बघायचं आहे.

१९ जानेवारी

तीन वाड्यांत मिळून सहा महिने ते दीड वर्षाची १४ बाळं. गेले चार दिवस आशाताईंबरोबर घरोघर जाऊन आले. प्रश्न एकच विचारला: काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळानं काय काय खाल्लं?

मी घरचं आणि विकतचं असे दोन रकाने आखून नेले होते. दुसऱ्याच घरात ते निरुपयोगी झाले. नऊ घरांत उत्तर होतं ‘डाळीचं पाणी’. वरणाच्या वरची निवळ, भाताची पेज, भाजीच्या रश्शाचं पाणी. मूल आठ महिन्यांचं असो की अकरा, घट्ट दिलं तर बाधेल, घशात अडकेल ही भीती. हे सगळं घरचंच, ताजं आणि प्रेमानं केलेलं. डबा चार घरांत होता. त्यातल्या दोन ठिकाणी तो महिनाभर पुरावा म्हणून अर्ध्या चमच्यात वाटीभर पाणी घालून पाजत होते. म्हणजे घरचंही पाणीच आणि विकतचंही पाणीच. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र जवळजवळ सगळीकडे.

अंगणवाडीचा घरपोच आहार येतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलामागे रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात त्याचा निकष होता. पण पाकीट घरात आलं की घरातली सगळीच मुलं खातात, आणि ज्याच्या नावानं आलं त्याच्या वाट्याला दोन चमचे येतात. त्याबद्दल कुणाला बोल लावायचा? पाच माणसांच्या घरात एकट्या बाळासाठी पुडा राखून ठेवणं सोपं नसतं.

परत येताना आशाताई म्हणाल्या, “वजनाच्या तक्त्यावर बघा, सहाव्या महिन्यापर्यंत रेघ छान चढते, मग आडवी पडते.” मी तक्ते काढून पाहिले. खरंच तसं आहे. एका बाळाची रेघ सातव्या ते दहाव्या महिन्यात जवळपास सपाट. त्याची आई समोरच बसली होती, आणि कागदाकडे बघून तिचे डोळे भरले. ती त्याला दिवसातून पाच वेळा भरवते. काय भरवते, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२४ जानेवारी

समाजमंदिरात प्रात्यक्षिक. एक वाटी डाळीचं पाणी घेतलं, अगदी घरोघरी देतात तसं, वरून निथळून. पसरट तव्यात ओतलं आणि मंद आचेवर आटवायला ठेवलं. वीस मिनिटांत पाणी उडून गेलं आणि तव्यावर पिवळा पापुद्रा राहिला. तो खरवडून काट्यावर ठेवला तर चार ग्रॅम भरला. वाटीभर पाण्यात खाणं एवढंच. दुसऱ्या वाटीत तीच डाळ, पण तळाची, भाताबरोबर घोटलेली, वर अर्धा चमचा तूप. ती आटवायची गरजच पडली नाही, चमच्यावर उभी राहिली.

मग हिशोब सांगितला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. बाळाचं पोट किती? वजनाच्या दर किलोला जेमतेम ३० मिली. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिली मावतं. ती जागा पाण्यानं भरली की बाळ पोट भरल्यासारखं निजतं आणि वजन वाढत नाही. चमचा तिरका केला तरी खाणं सहज ओघळू नये, एवढी खूण धरली तरी पुरे.

बायका गप्प होत्या. नंतर एक आजी म्हणाल्या, “आमी एवढी वर्सं पानीच पाजलं की गं.” मी त्यांना म्हटलं, तुमच्या वेळी दोन-अडीच वर्षं अंगावर पाजत होता, ते दूध मुलाला तारून नेत होतं. मी हे त्यांचं मन राखायला बोलले नाही. आईचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवा असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२७ जानेवारी

डब्यांचा दिवस. बाजारातून तीन प्रकारचे डबे आणले, चष्मा लावून तिघीजणी बसलो आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर मोठ्यानं वाचला. बायकांना सांगितलं, आधी घटकांची यादी बघा, ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. एका डब्यात गव्हाचं पीठ, दुधाची भुकटी आणि लगेच साखर. दुसऱ्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं ठळक होतं, पण यादीत माल्टोडेक्स्ट्रिन होतं. तेही पिष्टाचंच पीठ, पोटात गेल्यावर त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. तिसरा डबा साधा होता: तांदूळ, मूगडाळ, जीवनसत्त्वं, खनिजं. मला तो चांगला वाटला आणि मी तसं सांगितलं.

साखरेबद्दल मी मुद्दाम जास्त वेळ बोलले. २०२४च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेनं एक अहवाल काढला होता. एकाच कंपनीचं बाळांचं धान्यमिश्रण युरोपात साखरेविना विकलं जात होतं आणि भारतात एका वेळच्या वाढणीत सरासरी २.७ ग्रॅम साखर आढळली. त्यानंतर इथंही साखर न घातलेले प्रकार बाजारात येऊ लागले. पण साखर फक्त डब्यात असते असं मानायचं कारण नाही. आमच्या शिऱ्यात, खिरीत, गूळ घातलेल्या पेजेत त्याहून जास्त असते. वर्षाच्या आत साखर नको, मीठ नको, गूळही नको. मध तर मुळीच नको, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो.

डब्यावर बाळाचं चित्र का नसतं, हा प्रश्न एका मुलीनं विचारला. फार चांगला प्रश्न. १९९२च्या कायद्यानं अर्भकांच्या दुधाच्या आणि खाण्याच्या डब्यांवर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी आहे. २००३मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या अन्नाची जाहिरात नाही, फुकट नमुना नाही, भेटवस्तू नाही. त्यावर ती म्हणाली की तिला एका दुकानात डब्याबरोबर प्लास्टिकची वाटी फुकट दिली होती. ते बेकायदा आहे हे तिला तोवर माहीत नव्हतं. दुकानदारालाही बहुधा नसावं.

डब्याच्या बाजूनं एक गोष्ट मला मान्य करावीच लागली, आणि ती मी या वहीत अधोरेखित करते आहे: लोह. खनिजांच्या तक्त्यातला त्याचा आकडा आमच्या नाचणी-मुगाच्या अंदाजापेक्षा बराच वर आहे, आणि फेरस फ्युमरेटच्या रूपातलं ते लोह अंगी लागायलाही सोपं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यात तिचा हात धरणारं धान्य नाही. पण तिच्यातलं लोह फायटेट आणि टॅनिन या दाण्यातल्याच घटकांमध्ये अडकलेलं असतं. घरच्या खाण्यावर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवता येत नाही. याचं उत्तर शोधायचं राहिलं आहे.

२ फेब्रुवारी

पहिला घाणा. ५ किलो नाचणी निवडली, खडे फार निघाले. चार पाण्यांनी धुतली, रात्रभर भिजत घातली. सकाळी उपसून ओल्या सुती कापडात बांधली आणि पाटीखाली झाकून ठेवली.

५ फेब्रुवारी

मोड छान आले होते, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे. काल अंगणात पसरली. दुपारनंतर आभाळ आलं. संध्याकाळी गोळा करून पडवीत ठेवली आणि आज सकाळी हात घातला तर आत उबारा, आणि कुबट वास. काही दाण्यांवर पांढरट जाळी.

सगळी टाकली. पाच किलो नाचणी, तीन दिवसांचे कष्ट. कुणी म्हणालं धुऊन वाळवून घेऊ, कुणी म्हणालं कोंबड्यांना घालू. मी दोन्हीला नाही म्हटलं. बुरशीचं विष धुऊन जात नाही आणि भाजूनही नीट जात नाही. उकिरड्यात खड्डा काढून पुरली. रात्री झोप लागली नाही. घरचं म्हणजे निर्मळ असं आम्ही धरूनच चाललो होतो. ही नाचणी दळून झाली असती तर त्या पिठात हे कुणाला ओळखूही आलं नसतं.

१० फेब्रुवारी

दुसरा घाणा निभावला. या वेळी दोनच किलो, पातळ थर, पत्र्यावर, दिवसातून चार वेळा हात फिरवून. दाताखाली कट्‌ असा आवाज येईपर्यंत वाळवली. चोळून, सुपानं पाखडून मोडांची मुळं काढली.

१३ फेब्रुवारी

आज जे दिसलं ते शिकताना फक्त वाचलं होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे जास्त पीठ घातलं तरी खीर घट्ट गोळा होत नाही.

आत्तींचा आग्रह होता की नाचणी खमंग भाजल्याशिवाय पचत नाही. म्हणून दोन वाटे केले. एक त्यांच्या हातचा, तांबूस होईपर्यंत भाजलेला. दुसरा नुसता कोमट कढईत ओल जाईपर्यंत हलवलेला. दोन पातेल्यांत प्रत्येकी ३० ग्रॅम पीठ आणि २०० मिली पाणी, एकाच वेळी चुलीवर. खमंग भाजलेलं पीठ पाच मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट झालं, पळी उभी राहिली. दुसरं कढीसारखं वाहतं. पीठ तेवढंच, पाणी तेवढंच! कडक भाजण्यानं विकर मरतं, ते उरलं तर काम करतं.

याचा उपयोग सरळ आहे. बाळाला गिळायला मऊ हवं आणि वाटीत पीठही जास्त हवं. एरवी खाणं मऊ करायला आई पाणी वाढवते आणि तिथंच सगळं बिघडतं. मोडाचं पीठ पाणी न वाढवता खाणं मऊ करतं. घरच्या घट्ट मऊ भातात किंवा खिमटीत याचं अर्धा चमचा पीठ ढवळलं तरी दोन-तीन मिनिटांत ते सैल पडतं. त्यानंतर मात्र पुन्हा एक उकळी द्यायची, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात.

आत्तींनी दोन्ही पातेली चाखली. हलकं भाजलेलं त्यांना कच्चट लागलं. मग तोड निघाली: नाचणी हलकी ठेवायची, मूगडाळ खमंग भाजायची. वास डाळीचा येतो. त्या म्हणाल्या, “आता कसं, वासावर पोरगं तोंड उघडंल.”

२० फेब्रुवारी

सत्त्वावरून घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. आत्तींचं सत्त्व म्हणजे असं: नाचणी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, वाटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची, दूध निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून तळाची वडी वाळवायची. पांढरंशुभ्र, हाताला रेशमासारखं. त्यांनी तीन मुलं आणि पाच नातवंडं यावर वाढवली, त्या कामाला मी हात जोडते.

पण काल एक किलो नाचणीचं सत्त्व केलं तेव्हा हाती ४५० ग्रॅम आलं. उरलेला चोथा म्हशीला गेला आणि निवळीचं पाणी आळूच्या वाफ्यात. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः तिच्या सालाजवळ असतं, प्रथिनांचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. हातात जे राहतं ते बहुतांशी पिष्ट. पचायला हलकं, पोट बिघडलेल्या मुलाला चांगलं, पण रोजचं खाणं म्हणून अपुरं. मी हे कसं सांगायचं याचा विचार करत होते. त्यांनी चोथ्याची पाटी उचलली, वजन केलं आणि आपणच म्हणाल्या, “अर्धं तर म्हशीनंच खाल्लं की.” पहिला आठवडा सत्त्व, मग अख्ख्या मोडाच्या नाचणीचं वस्त्रगाळ पीठ, असं ठरलं.

२८ फेब्रुवारी

चिऊचं उष्टावण. मामा बेळगावहून चांदीची वाटी घेऊन आला. खीर करायची रीत आहे. ती केली, देवाला दाखवली आणि आम्ही मोठ्यांनी खाल्ली. वाटीत मऊ भात, तळाची मूगडाळ घोटून, वर घरचं तूप. मीठ नाही. घनसाळ तांदूळ होता, त्याच्या वासानं घर भरलं होतं.

पहिला घास तिनं जिभेनं बाहेर ढकलला. दुसराही. तिसरा तोंडात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि गिळला. मला रडू आलं. वहीत हे लिहायचं नसतं कदाचित, पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे ते हेच.

एकूण तीन चमचे.

८ मार्च

बैठक. आज पाकिटांचा निकाल लावायचा होता.

आधी पैसे. ६०० ग्रॅम नाचणी गटाच्या दरानं २४ रुपये, ३०० ग्रॅम मूगडाळ ३३, १०० ग्रॅम शेंगदाणे १३, दळण १०. घट धरून किलोला ९५ रुपये. बायकांच्या मजुरीचे दिवस धरले तर १४०. ती धरायचीच असा माझा हट्ट होता. बायकांचे कष्ट शून्य रुपयांत मांडून घरचं स्वस्त पडतं म्हणायला माझी तयारी नाही. डबा ३०० ग्रॅमला पावणेतीनशे ते तीनशे, म्हणजे किलोला हजाराच्या घरात. त्यात दुधाची भुकटी आहे आणि तो शिजवावा लागत नाही, हा फरक धरला तरी अंतर मोठं आहे.

मग धोका. शेंगदाणे दळून ठेवले की तीन आठवड्यांत खवट होतात, आणि ओलसर शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन ही बुरशीचीच भीती. ५ फेब्रुवारीचा घाणा सगळ्यांच्या लक्षात होता. आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र नाही, तपासणी नाही. अर्भकांचं अन्न म्हणून विकायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे, कडक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. सहा महिन्यांच्या जिवासाठी विकायच्या वस्तूत ‘चालतंय’ हा शब्द चालत नाही.

एका वहिनींनी विचारलं, “मग डबेवाल्यांनीच विकायचं काय? आमी बायकांनी नाही?” तिचा राग मला रास्त वाटला. मी म्हटलं, विकायचं असेल तर मोठ्यांसाठी नाचणीचं पीठ विकू, ते उद्यापासून विकता येईल. बाळाचं पीठ विकायला नको, एकत्र करू. ज्या घरात बाळ आहे त्या घरानं आपली नाचणी आणायची, मोड आणणं, वाळवणं, पाखडणं सगळ्यांनी मिळून एका अंगणात, आणि पंधरा दिवसांपुरतंच दळायचं. शेंगदाणे वेगळे, ज्या त्या दिवशी निवडून, भाजून, अगदी बारीक कुटून घालायचे. अख्खा दाणा बाळाच्या हाती कधीच नको, श्वासनळीत अडकतो.

दोन तास वाद झाला. आठ हात वर झाले. गटाला यातून पैसे मिळणार नाहीत हे तिघींना पटलं नाही, आणि त्यांची अडचण खरी आहे.

१७ मार्च

आजची नोंद काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या वहिनींची. त्यांचा मुलगा आठ महिन्यांचा. “मी सकाळी आठला जातो, साडेपाचला येतो. सासूबाईंना दिसत नाही नीट. सकाळी करून ठेवलेलं दुपारी देत्यात.” मार्चचं ऊन, झाकून ठेवलेली खीर, पाच-सहा तास. मुलाला महिन्यात दोनदा जुलाब झाले होते. शिजवलेलं खाणं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हे मी सांगितलं असतं आणि घरी आले असते. त्यांनी काय केलं असतं?

त्यांच्यासाठी आम्ही डबा निवडला. साखर नसलेला, तांदूळ आणि मुगाचा. दुपारी थर्मासमधलं उकळलेलं पाणी, मापाचे चमचे सासूबाईंना हातानं मोजायला शिकवले, घट्ट कालवायचं आणि लगेच भरवायचं, उरलं तर टाकायचं. बाटलीत घालून पाजायचं नाही, वाटी-चमचाच. सकाळ-संध्याकाळ घरचं आणि अंगावरचं दूध. महिन्याला दोन डबे लागतील. वहिनींना वाटत होतं मी रागवेन. नाचणीचा प्रकल्प करणारी बाई डबा कसा सांगते म्हणून. या घरात दुपारच्या एका वेळेसाठी डबाच जास्त सुरक्षित आहे, आणि त्यातून लोहही मिळतं. कुठलीही आई डबा उघडताना चोरट्यासारखी वाटायला नको.

३० मार्च

पाडवा. घरात श्रीखंड. चिऊला आंबट ताजं दही दोन चमचे, साखरेविना. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मागितलं.

१४ एप्रिल

२७ जानेवारीला अधोरेखित केलेल्या लोहाच्या ओळीकडे परत आले. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. दर तीन मुलांमागे दोघांना. बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येते, आणि नेमकं तेव्हाच आपण डाळीचं पाणी सुरू करतो.

घरच्या खाण्यात काय करता येतं ते गेला महिनाभर करून पाहिलं. मोड आणण्यानं फायटेट कमी होतं. भरवायच्या आधी खिमटीत चार थेंब लिंबू, कारण क जीवनसत्त्वानं डाळी-धान्यातलं लोह अंगी लागतं. चहाचा घोट बाळाला पूर्ण बंद. तो लोह अडवतो आणि आमच्याकडे तो लाडानं पाजतात. ज्या घरात मांसाहार चालतो तिथं कोंबडीची कलेजी, आठवड्यातून एकदा, पूर्ण शिजवून, चाळणीवर घासून भातात. मांसातलं लोह सर्वांत सहज लागतं. आमच्या घरात चालतं. चिऊनं कलेजी नाचणीपेक्षा आवडीनं खाल्ली.

शाकाहारी घरांत एवढ्यावर भागत नाही, हे मी आता ठामपणे म्हणते. तिथं आशाताई देतात ते लोहाचं औषध नेमानं हवं: ‘ॲनिमियामुक्त भारत’मध्ये सहा महिन्यांपासून पुढे आठवड्यातून दोनदा एक मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. बाटल्या बहुतेक घरांत मिळाल्या. फडताळात, बंद. दात काळे पडतात, शी काळी होते म्हणून थांबवलेल्या. काळी शी होणारच, त्यानं काही बिघडत नाही, हे प्रत्येक घरी बसून सांगितलं. बाटलीवर मंगळवार-शुक्रवार अशी चिठ्ठी चिकटवली.

६ मे

सपाट रेघेचं ते बाळ आता चौदा महिन्यांचं आहे. आज अंगणवाडीत वजन झालं. मार्चपासून ६०० ग्रॅम वाढ. त्याची आई दिवसातून चार वेळा भरवते आणि दोनदा मधलं खाणं, केळं नाहीतर उकडलेलं अंडं कुस्करून. आधीपेक्षा वेळ कमी जातो, म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली.

तीन घरांत अजून डाळीचं पाणीच आहे. त्यातल्या एका घरी मला आत बोलावलं नाही.

२६ मे

गेला आठवडाभर पाऊस. मिरगाला अजून बारा-तेरा दिवस असताना आज मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी. आमचा पावसाळ्याआधीचा मोठा घाणा १८ तारखेला भिजवायचा होता, आभाळ बघून थांबवला. बरं केलं.

पावसाळ्यात मोडाचं पीठ वाळणार नाही हे उघड आहे. वाळवलेलं ७ किलो पीठ स्टीलच्या डब्यांत आहे, ते पाच घरांत जूनपुरतं. जुलै-ऑगस्टसाठी आत्तींनी एक रीत काढली: मोड आलेली ओली नाचणी मूठभर, लगेच वाटून गाळायची आणि त्याच दुधात तळाची डाळ घालून शिजवायचं. वाळवण नाही, साठवण नाही. काल चिऊसाठी केलं. गाळताना चोथा निम्मा परत घातला, त्यांनीच घातला.

काजूच्या वहिनींचा कारखाना पावसात तीन दिवसांवर येणार आहे, तेव्हा त्यांचा डबा महिन्याला एकावर येईल. त्यांना हलकं भाजलेलं पाव किलो पीठ दिलं. डब्यावर तारीख घातली.

उद्या मुगाची गोणी उघडून बघायची. पडवीच्या कोपऱ्यात ओल धरली आहे.